राजव्वाच्या घराला पिवळी कड

सोलापुरात पस्तीस वर्षं मी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. किराणा, कटलरी, सायकल मार्ट, पिठाची गिरणी, दातांचा दवाखाना, काही सोडलं नाही. माझं अक्षर असं ठसठशीत, की गाडी अलीकडच्या होटगी स्टेशनात उभी असतानाच खिडकीतल्या प्रवाशाला कळायचं, सोलापुरात शेंगाचटणी कुठल्या दुकानात घ्यायची. एका फळवाल्याच्या पाटीवर मी आंबा काढला होता, त्यावर दोन उन्हाळे पोपट येऊन चोची आपटत होते. शेवटी फळवाल्याला पोपटांची दया आली आणि त्यानं आंबा पुसून कलिंगड काढायला लावलं. ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं ते आता हयात नाहीत, त्यामुळे तुम्हाला माझ्यावरच विश्वास ठेवावा लागेल.

त्यातली एकही पाटी आज जागेवर नाही. फ्लेक्स आला आणि सगळ्या उतरल्या. आता कुणी विचारलं की पेंटर, तुमचं सगळ्यात मोठं काम कुठलं, तर मी राजव्वाच्या घरातल्या चार पायऱ्या सांगतो. त्या पायऱ्यांवर म्हातारीचं स्वतःच्या घरात राहणं अवलंबून होतं, आणि मी ते जवळजवळ घालवलं होतं.

पण आधी हा धंदा काय ते सांगतो, कारण असा धंदा असतो हे मलाही ठाऊक नव्हतं.

फ्लेक्स आल्यावर माझे ब्रश वाळून झाडूसारखे झाले. हाताला काम नाही, तोंड मात्र दिवसभर चालू. बायकोनं कंटाळून मला चष्म्याचा नंबर काढायला धाडलं. दवाखान्यात बसल्या बसल्या मी समोरच्या पाटीची निंदा सुरू केली. फिकट निळ्यावर पांढरी नाजूक अक्षरं. मी शेजारच्याला सांगत होतो, की ज्याचे डोळे चांगले आहेत त्यालाच ही पाटी दिसणार, आणि तो इथं कशाला मरायला येईल. मागं डॉक्टरबाई उभ्या होत्या. रागावल्या नाहीत. आत बोलावून त्यांनी विचारलं, तुम्हाला हे कुणी शिकवलं? मी म्हटलं, चालत्या रिक्षानं. रिक्षातल्या माणसाला पाटी वाचायला एक श्वासभर वेळ असतो. काळ्यावर पिवळं तेवढ्यात वाचता येतं, पांढऱ्यावर पिवळं सात जन्म उभं राहिलात तरी येत नाही.

मग त्यांनी मला त्यांची अडचण सांगितली. काही माणसं आंधळी नसतात आणि डोळसही नसतात. ऑपरेशन झालेलं असतं, चष्मा असतो, तरी थोडीच नजर शिल्लक राहते. त्या थोड्या नजरेवर त्यांना घरात वावरायचं असतं, आणि घर बांधणाऱ्यानं त्यांचा विचार केलेला नसतो. बाई म्हणाल्या, "त्यांच्या डोळ्यांत मी आता आणखी काही घालू शकत नाही. तुम्ही त्यांच्या घरात घालू शकाल का?"

असा मी साठीला टेकल्यावर नवा धंदा सुरू केला. काम म्हटलं तर सोपं आहे. गडद वस्तू फिक्यावर ठेवायची, फिकी गडदवर. पांढरा भात पांढऱ्या ताटात वाढला की जेवणारा ताट खरवडत बसतो. काळ्या ताटात वाढा, शीत न् शीत मोजून खाईल. पांढऱ्या भिंतीवरच्या पांढऱ्या बटणपट्टीला काळी चौकट मारायची. पायरीच्या कडेला पट्टा ओढायचा. दिवा तोंडावर मारायचा नाही, कामावर पाडायचा. जुळे सोलापूर या नव्या वस्तीतल्या एका निवृत्त साहेबांच्या घरी मुलांनी प्रेमानं इतके दिवे लावले होते की साहेब घरात काळा गॉगल घालून बसायचे, वर छत्री उघडायचे. छत्रीचं मी पदरचं घातलंय, गॉगल खरा आहे. मी फक्त त्यांची खुर्ची फिरवली. खिडकी पाठीमागं आली, उजेड पेपरावर पडला आणि साहेबांनी तीन वर्षांनी मथळे वाचले. वाचून जगाला शिव्या दिल्या. घरातले म्हणाले, बाबा बरे झाले.

या गावात एकच गोष्ट बोलायला जीभ रेटत नाही. पलंगावरची नक्षीची चादर काढा, हे सोलापूरकराला सांगायचं. पण त्या मोरांच्या आणि चौकटींच्या गर्दीत चष्मा, फोन, औषधाची पट्टी असं काही गडप होतं की विचारू नका. एका आजोबांची कवळी चादरीवरच्या मोराच्या चोचीत दोन दिवस पडून होती. मी साधी, एका रंगाची चादर घाला म्हटलं, तर आजोबांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मी आडनाव बदलायला सांगतोय.

हसतोय खरा, पण एक सांगून टाकतो. माझ्या आईलाही शेवटी असंच दिसेनासं झालं होतं. स्टीलच्या पेल्यात दूध ओतताना निम्मं बाहेर जायचं आणि मी खेकसायचो. गावभर पाट्या रंगवणारा मी, तिच्या उंबऱ्याला चार बोटांचा पट्टा ओढावा हे मला सुचलं नाही. कुणी सांगितलं नव्हतं, हे खरं. पण मी विचारलंही नव्हतं. असो.

तर राजव्वा. पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत तिचं दोन खोल्यांचं घर. नवरा मागावर टॉवेल विणायचा, ही विड्या वळायची. दोघांनी मिळून ते घर बांधलेलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा व्यंकटेश एका शाळेत क्लार्क, बायको पद्मासोबत जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात तेलुगू, दारात मराठी, असं त्या गल्लीचं बोलणं.

राजव्वाच्या नजरेचा मधला भाग गेला होता. समोर बघितलं की धुरकट भोक, कडेचं मात्र दिसायचं. त्यामुळे तुमचं तोंड बघायचं झालं तर ती तुमच्या कानाकडे बघायची. गल्लीत बोभाटा झाला होता की म्हातारीला मान चढलाय, तोंड फिरवून बोलते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ती माझ्या उजव्या कानाशी अर्धा तास बोलली, आणि शेवटी म्हणाली, पेंटर, दाढी करून येत जा की.

तिच्या घराला दारात तीन पायऱ्या, आणि चौथी आत, स्वयंपाकाच्या खोलीतून मोरीत उतरायची. सगळ्या काळपट शहाबादी फरशीच्या, एकीची कड दुसरीत मिसळलेली. दसऱ्याच्या आधी ती मोरीच्या पायरीवरून पडली आणि मनगट मोडलं. व्यंकटेशनं पंधरा दिवस रजा काढून तिचं सगळं केलं. चांगला मुलगा आहे, त्याच्याबद्दल वाकडा शब्द नाही. पण तो घाबरला होता. त्यानं स्पष्ट सांगितलं, दिवाळीच्या पाडव्याला आम्ही दोघं दुपारी जेवायला येतो. अम्मा, तू एकटीनं रांधून, वाढून, न पडता दाखवलंस तर राहा इथं. नाहीतर त्याच दिवशी सामान बांधायचं आणि आमच्याकडे यायचं.

राजव्वाला सून आवडायची, नातवंडं आवडायची, लिफ्टसुद्धा आवडायची. फक्त तिथं राहायचं नव्हतं. मला म्हणाली, "तितं मी पाव्हनी. पानी पायजे तरी इचारून प्यायचं. हितं मी पडले तरी माज्या घरात पडते की."

मी म्हटलं, पडायचं नाव काढू नका, आणि लागलो कामाला. पायऱ्यांना पिवळी कड. मोरीच्या दाराला काळी चौकट, धरायला दोर. गॅसच्या बटणावर बंदच्या जागी पिवळा उंचवटा. ओट्यावर खाली, झाकलेला दिवा. पण पस्तीस वर्षांचा पाटीवाला एवढ्यावर थांबतो काय? मी खुंटीला पट्टा मारला, खिडकीला मारला, पाटा-वरवंट्याला मारला, कोपऱ्यात सही केली. घर असं पिवळं झालं की गल्लीतले कोंबडे उजाडलं समजून दुपारी आरवायला लागले. राजव्वानं दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, सगळंच वरडाय लागलं तर मी ऐकू कुनाचं? मी निम्मे पट्टे पुसले. गुपचूप पुसले, सहीसकट.

मग डबे. एकवीस डबे होते. मी दोन दिवस खपून प्रत्येकावर वीतभर अक्षरं काढली: मीठ, साखर, रवा, तूरडाळ. खाली सावली, वर चमक. असं मीठ मी कुठल्या पेढीलाही लिहून दिलं नव्हतं. राजव्वानं हात फिरवला, लई झ्याक म्हणाली. आठवडाभरानं चहा करताना तिनं माझ्या देखत डबा उचलला, तो माझ्या अक्षराची बाजू भिंतीकडं करून. बोटांनी झाकणाची कडी चाचपली, साखर घातली. बघतो तर कडीला विडीचा दोरा बांधलेला, दोन गाठी. मिठाला एक, साखरेला दोन, रव्याला तीन. जन्मभर विड्यांना दोरा गुंडाळलेली बोटं ती, त्यांना डोळे लागतात कशाला?

"मग माझी अक्षरं?" मी विचारलं.

"पेंटर, मी साळंत कदी गेले? आन गेले असते तर तेलुगू साळंत गेले असते."

आधी का नाही सांगितलं म्हटलं, तर म्हणाली, तू लई मन लावून लिवत व्हतास, म्हनलं घराला शोभा येतीया. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्या अक्षराचा एवढा सौम्य अपमान कुणी केला नाही.

पाडव्याच्या आठवडाभर आधी सगळं बसलं. ती पायरी बघायची, म्हणजे पायरीच्या शेजारी बघायची, आणि ठक ठक उतरायची. मी छाती फुगवून हिंडत होतो. मग राजव्वा दिवाळीला होटगीला बहिणीकडं गेली, ती पाडव्याच्या आदल्या दिवशी परत आली.

पाडव्याला सकाळी सातला तिचा फोन आला. आवाज अगदी शांत. "पेंटर, माजं घर कुटं गेलं?"

मी सायकल हाणत गेलो. दारात पोचलो आणि डोळेच दिपले. दुधात बुडवून काढावं तसं घर. भिंती पांढऱ्या, दारं पांढरी, चौकटी पांढऱ्या, आणि चारही पायऱ्यांवर पांढऱ्या ऑइलपेंटचा जाड हात. माझी पिवळी कड पार गाडली गेली होती. दोर धुऊन वाळत घातलेला. गॅसच्या बटणावरचा उंचवटा खरवडून काढलेला. आत राजव्वा भिंतीला पाठ लावून बसलेली, आणि तिच्याभोवती एकवीस डबे. घासून नव्यासारखे, लखलखीत, एका मापाचे, माझी अक्षरंही उडालेली. गाठ एकालाही नाही.

दिवाळीची साफसफाई झाली होती. आपल्याकडे दिवाळीच्या आधी घर असं धुतात की त्यात राहणाऱ्याला ते ओळखू येऊ नये. धडधाकट माणूस दोन दिवस डबे शोधतो आणि तिसऱ्या दिवशी विसरतो. राजव्वा आदल्या संध्याकाळी परतल्यापासून शेजारणीचा हात धरून एकदाच मोरीत उतरली होती. मी म्हटलं, व्यंकटेशला फोन करतो, जेवण पुढं ढकलू. ती म्हणाली, नको. ढकललं की तो म्हणेल, बघा, जमत नाही.

तेवढ्यात पद्मा आली, हातात शेंगापोळ्यांचा डबा. सासूला ती अत्तम्मा म्हणते. दारातूनच हसत विचारलं, अत्तम्मा, कसं वाटलं घर? मग माझं तोंड बघितलं आणि हसू ओसरलं. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, पट्टे कुणी पुसले?

"मी रंगवून घेतलं," ती म्हणाली. "मला वाटलं, पेंटरकाका रंगाचे नमुने लावून गेले आणि परत आलेच नाहीत. अर्धवट दिसत होतं. म्हटलं पांढरं केलं की उजेड वाढेल, अत्तम्माला जास्त दिसेल."

दोन दिवस स्वतः डबे घासलेले, जुने मळके दोरे कापून टाकलेले, सासूला खूश करायला. तिच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. कारण चूक माझीच होती. पट्टा कशाला, गाठ कशाला, हे मी घरातल्या दुसऱ्या कुणाला सांगितलंच नव्हतं. जी पाटी समजावून सांगावी लागते ती पाटी कच्ची, असं मी आयुष्यभर मिरवत आलो. घराचं तसं नसतं. घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते सांगावं लागतं.

हातात पाच तास. ऑइलपेंट पाच तासांत वाळत नाही. पिवळी पावलं घरभर उमटली असती आणि व्यंकटेशला वाटलं असतं, लक्ष्मी आली आणि घसरून गेली. मी डोकं धरून बसलो होतो. राजव्वानं विचारलं, दारात सारवायचा गेरू आणलाय, त्यो चालंल का? मी म्हटलं, राजव्वा, तुमचे पाय द्या इकडं.

गेरू! पांढऱ्यावर तांबडा, अर्ध्या तासात वाळणारा, आणि दिवाळीत पायरीला गेरू लावला तर ब्रह्मदेवसुद्धा विचारणार नाही का लावला म्हणून. पद्मानं पदर खोचला आणि चारही पायऱ्यांच्या कडा ओढल्या. रांगोळी मात्र मी पायरीवर घालू दिली नाही, पाय घसरतो. बाजूला घाला म्हटलं. मोरीचा दोर पुन्हा बांधला, गॅसच्या बटणावर बंदच्या जागी कणकेचा ठिपका चिकटवला. मग डबे. राजव्वा वास घ्यायची, चिमूट जिभेवर ठेवायची, नाव सांगायची. मी आणि पद्मा गाठी मारायचो. खायच्या सोड्याला तिनं असं तोंड केलं की मला वाटलं आता तीच होटगीला पळून जाते. दहाव्या डब्याला पद्माला सगळ्या गाठी पाठ झाल्या होत्या आणि ती माझ्या चुका काढत होती.

एकच्या सुमाराला व्यंकटेश आला. पायऱ्या चढताना खाली बघितलं, गेरू बघितला. मांडी घालून पाटावर बसला, तेव्हा खिशातलं काहीतरी फरशीवर खणकन वाजलं. मी आणि पद्मानं एकमेकांकडं बघितलं. राजव्वा ओट्याशी होती. तिनं वळून बघितलं नाही.

एकटीनं वाढायचं ठरलं होतं, म्हणून आम्ही हात बांधून बसलो. काळ्या ताटात भात. स्टीलच्या वाटीत आमटी, एक थेंब बाहेर नाही. पाण्याचा पेला भरताना कडेवर बोट. मग ती हात धुवायला मोरीकडं निघाली. व्यंकटेशचा घास हातातच राहिला. तिनं दोर धरला, मान कलती केली, तांबडी कड अंगठ्यानं चाचपली आणि उतरली. परत चढली. मी श्वास सोडला तो एवढा मोठा होता की दारातली पणती विझली. पाडव्याला दुपारी पणती कशी, असं विचारू नका.

व्यंकटेशनं आमटीचा भुरका मारला आणि थांबला. पद्मानं मारला, तीही थांबली. मी मारला. आमटी गोड होती. गुळाच्या पाकासारखी गोड. व्यंकटेश ताटाकडं बघत राहिला आणि मला कळलं, आता संपलं.

राजव्वानं स्वतः चाखली. उठली, ओट्याशी गेली, दोन डबे पुढं ओढले, झाकणं चाचपली. दोन्ही डब्यांना एकेकच गाठ. साखरेची दुसरी गाठ सुटली होती.

"ह्या गाठी कुनी मारल्या?" तिनं विचारलं.

पद्मानं माझ्याकडं बोट दाखवलं. मीही माझ्याचकडं दाखवलं.

"तरीच," राजव्वा म्हणाली. दोन्ही डबे हुंगले, साखरेच्या दोऱ्याला दुसरी गाठ मारली, विडीवाली गाठ, जी माझ्या बापाच्यानंही सुटली नसती. आमटी परत गॅसवर ठेवली, थोडी चिंच, मीठ, तिखट घातलं, चाखली, आणि नव्यानं वाढली. मला वाढताना म्हणाली, पेंटर, तू आपलं पट्टंच मार.

व्यंकटेश हसला. दसऱ्यापासून पहिल्यांदा हसला असेल. तीन वाट्या आमटी प्याला. ती अजून थोडी गोड होती, पण त्यानं मान्य केलं नाही.

जेवणं झाली, ताटं उचलली. राजव्वा पदराला हात पुसत त्याच्यासमोर बसली, त्याच्या कानाकडं बघत. "खिशात काय वाजलं रं मगाशी?"

त्यानं मग खिशात हात घालून काढलं. कुलूप होतं. नवं, पितळेचं, जाडजूड, किल्ल्यांच्या जुडग्यासकट. घर बंद करून जायचं म्हणून आणलेलं. पद्मानं मान खाली घातली.

राजव्वानं ते हातात घेतलं. उघडलं, लावलं, परत उघडलं. "बरं झालं आनलंस," ती म्हणाली. "जुनं लई अडकतंय. बाजारला जाताना लागतंच की." जुडग्यातली एक किल्ली काढून तिनं त्याच्या हातात ठेवली. "ही तुज्याकडं ऱ्हाऊ दे. आन येताना फोन करून येत जा, घरात नसले तर?"

व्यंकटेशनं किल्ली मुठीत धरली. मग शर्टाच्या वरच्या खिशात टाकली.

राजव्वा कुलूप डोळ्यांच्या कडेला धरून फिरवत होती. म्हणाली, पेंटर, ह्याचं भोक काय सापडत न्हाय. मी पिशवीतून बारीक ब्रश आणि पिवळ्याची डबी काढली आणि भोकाभोवती एक कडं ओढलं. लहानसं. सही केली नाही. सांगितलं, ओलं आहे, हात लावू नका. व्यंकटेशनं कुलूप कडीला धरून उचललं, तोंडाजवळ नेलं आणि ते लवकर वाळावं म्हणून त्यावर हळूहळू फुंकर घालत बसला.